सिल्लेवानीच्या अलीकडची सीमा

सावनेरहून सायकलने छिंदवाड्याकडे निघालं की राज्याची सीमा पायांना कळतच नाही. पाटी येते, रस्ता सपाटच राहतो. दोन्हीकडे तीच काळी माती, कापूस, संत्र्याच्या बागा. सौंसरला चहा मराठीतच मागावा.

१ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. जिल्हा हा घटक धरल्यामुळे मराठी सौंसरही अख्ख्या जिल्ह्याबरोबर पलीकडे गेलं. मोजणी गियरने झाली असती तर रेघ रामाकोन्याच्या पुढे, सिल्लेवानी घाटाच्या पायथ्याशी पडली असती. सातपुडा तिथे सुरू होतो.

इंग्रजी अमदानीतल्या बंगाल-नागपूर रेल्वेला हा चढ चांगला ठाऊक होता. तिची अडीच फुटी लाईन रामाकोन्यापर्यंत रस्त्याच्या संगतीने येई आणि मग कुकडाखापा, भीमालगोंदी, भंडारकुंड असा वळसा घेत उमरानाल्याला वर निघे. इंजिनाला झेपेल तेवढाच चढ. ब्रॉडगेजसाठी ती २०१५मध्ये बंद झाली. आल्प्समधला स्टेल्व्हिओचा रस्ताही ऑस्ट्रियाने १८२५मध्ये पुरा केला तो स्वतःच्या राजकारणासाठी. सायकलवाले मागाहून आले. तो २७५७ मीटरवर. आमचा सावनेर ते छिंदवाडा फरक तीन-साडेतीनशे मीटरचा, पण मे महिन्यात तेवढाही पुरतो.

घाट चढून उमरानाल्याला टेकलो. टपरीवाल्याने विचारलं, “कहाँ से आ रहे हो?” सावनेर म्हटल्यावर तो म्हणाला, “अच्छा, नीचे से.”