शर्यतीची गाडी रस्त्यावर येते तेव्हा



शिरगावात प्रतिकृतीवर बोलायचं म्हणजे सुरुवात देवळापासूनच करावी लागते. सोमाटणे फाट्यावर कुणालाही शिरगाव विचारा, समोरचा म्हणतो, "प्रतिशिर्डी का?" इथलं साईबाबांचं मंदिर मूळ शिर्डीचं नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कुणी कुणाला फसवत नाही, कारण 'प्रति' हा शब्द नावातच आहे. आणि तरी लोक येतात, रांगेत उभे राहतात, नमस्कार करतात. म्हणजे प्रतिकृती असणं हा काही गुन्हा नव्हे. आपण प्रतिकृती आहोत हे लपवणं, तिथे खरी गडबड सुरू होते.

आजचा आपला विषय मोटारीचा आहे. एका जुन्या, नावाजलेल्या शर्यतीच्या गाडीची कुणीतरी प्रतिकृती केली. आता त्या प्रतिकृतीला रस्त्यावर चालणारं रूप द्यायचं आहे. ऐकायला हौशी माणसाचा उद्योग वाटतो. पण यामागे एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासातली कंपनी आज टाटांच्या मालकीची आहे. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांबचा नाही.

ती गाडी म्हणजे जॅग्वार डी-टाईप. १९५४ साली आली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी ठरवला. ते आधी ब्रिस्टल या विमान कंपनीत होते, आणि गाडीकडे पाहिलं की ते कळतं. मधला भाग विमानासारखा, पत्र्याचीच पेटी भार उचलते. पुढे इंजिनासाठी नळ्यांचा सांगाडा जोडलेला. सहा सिलिंडरचं ३.४ लिटरचं इंजिन. काही गाड्यांना चालकाच्या डोक्यामागे एक उभा पंख असे, गाडी भरवेगात सरळ राहावी म्हणून. फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ही गाडी पहिली आली.

पण यातला १९५५ चा विजय आपण टाळ्या वाजवून पुढे जावं असा नाही. ११ जून १९५५. माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटकडे जाण्यासाठी हळू झाली. मागची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला बाजूला झाली, आणि त्या गाडीवर मागून भरवेगात येणारी पिअर लेव्हेघची मर्सिडीज चढली. ती उडून प्रेक्षकांच्या बाजूला आदळली. लेव्हेघ गेला आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. चौकशीत कुणा एका चालकावर ठपका ठेवला गेला नाही. अडचण अशी होती की गाड्या ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे गेल्या होत्या, आणि पिटसमोरचा तो अरुंद रस्ता व प्रेक्षकांपुढचा बांध जुन्या, हळू गाड्यांच्या काळातला होता. हा प्रसंग लक्षात ठेवा, आपण शेवटी त्याच्याकडे परत येणार आहोत.

१९५६ च्या अखेरीस जॅग्वारने कारखान्याचा संघ शर्यतींतून काढून घेतला. आता पंचाईत अशी की ब्राउन्स लेन इथल्या कारखान्यात पंचवीस डी-टाईप न विकलेल्या पडून होत्या. काही पूर्ण, काही अर्धवट. शर्यतीची गाडी म्हणजे ताजी भाजी. पुढच्या मोसमात तिला कोण विचारणार? कंपनीचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांनी ठरवलं की या गाड्यांना रस्त्याचं रूप द्यायचं आणि अमेरिकेत विकायच्या. तिचं नाव एक्सकेएसएस. जानेवारी १९५७ मध्ये तिची घोषणा झाली.

काय काय बदललं, ते नीट पाहू. कारण आज प्रतिकृतीवाल्याला नेमकं हेच करायचं असतं.

डोक्यामागचा पंख काढला. चालक आणि शेजारची जागा यांच्यामधली आडभिंत काढली. शर्यतीत त्या शेजारच्या जागेवर पत्र्याचं झाकण असे, कारण नियमाला दोन जागा लागत पण बसायचं कुणालाच नसे. ते झाकण गेलं, आणि त्या बाजूला दार आलं. समोर पूर्ण रुंदीची काच, तिला वायपर. बाजूला काचेचे पडदे, वर घडीचा कापडी हुड. पुढे-मागे बारीक बंपर. सामानाला जागा नव्हती, कारण शेपटीत स्टेपनी होती. मग मागच्या पत्र्यावरच सामानाचं कॅरिअर बसवलं.

बस्स, एवढंच. इंजिन तेच, ब्रेक तेच, पेटी तीच. म्हणजे एक्सकेएसएस ही नवी रचना नव्हतीच. ती होती कारखान्यानेच केलेली 'मॉडिफिकेशन'.

आणि मग १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री ब्राउन्स लेनला आग लागली. पंचवीसपैकी नऊ गाड्या त्यात गेल्या. तयार होऊन बाहेर पडल्या त्या सोळा. त्यातली एक हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन याच्याकडे होती. ती आज लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे.

सोळाच गाड्या. मागणी जगभर. मग प्रतिकृती होणारच ना! इंग्लंडमध्ये लिंक्स नावाच्या कंपनीने १९७० च्या दशकापासून डी-टाईपच्या प्रतिकृती केल्या, पुढे एक्सकेएसएसच्याही. गंमत म्हणजे त्यासाठी सुटे भाग वापरले ई-टाईपचे. १९६१ ची ई-टाईप ही सेयर यांचीच, डी-टाईपच्याच बांधणीतून निघालेली. म्हणजे लेकीचे दागिने घालून आईला पुन्हा उभं केलं. स्वस्तातल्या प्रतिकृती वेगळ्या असतात: खाली नळ्यांचा सांगाडा, वर फायबरचं अंग.

आता कुणाकडे अशी डी-टाईपची प्रतिकृती आहे आणि त्याला तिची एक्सकेएसएस करायची आहे. आम्हाला वाटतं, हा माणूस अस्सलपणाच्या विरुद्ध काही करत नाही. १९५७ साली कारखान्याने जे केलं, तेच तो करतोय. क्रमही तोच: आधी शर्यतीची गाडी, मग तिच्यावर करवत.

पण करवत कुठे चालवायची, हे कळलं पाहिजे. पंख कापणं सोपं. दार अवघड. मूळ गाडीत दाराखालचा उंबरा म्हणजे रुंद पोकळ पेटी आहे आणि भार तीच उचलते. म्हणून एक्सकेएसएसचं दार छोटं आहे, उंच उंबऱ्यावर बसवलेलं. आत शिरताना पाय चांगला उचलावा लागतो. फायबरच्या प्रतिकृतीत कुणी आराम व्हावा म्हणून खालची नळीच कापली, तर गाडी मधून पिळवटते, दार धड लागत नाही, आणि अपघातात काय होईल ते सांगायला नको. मधली आडभिंत काढली तर तिचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यावं लागतं. मग थंडाव्याचा प्रश्न. शर्यतीत वेगाबरोबर वारा मिळतो. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याच्या कोंडीत कुठला वारा? तिथे विजेचा पंखा लागतोच. आणि मावळातला पाऊस! घाटात जुलैमध्ये वायपर आणि हुड नसलेली गाडी म्हणजे बादली.

हे झालं गॅरेजमधलं. आता कागदांकडे येऊ, कारण आपल्याकडे गाडी अडते ती तिथेच.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. साध्या शब्दांत त्याचा अर्थ असा: आरसी बुकात गाडीची जी माहिती आहे, ती मूळ उत्पादकाने ठरवलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारखे काही अपवाद आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू धरली. म्हणजे जुन्या काँटेसाच्या सांगाड्यावर डी-टाईपचं अंग चढवलं आणि काँटेसाचंच आरसी बुक दाखवलं, तर ते चालणार नाही.

"मग व्हिंटेज म्हणून पासिंग करू," असं कुणी म्हणेल. २०२१ मध्ये त्याचे नियम आले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अट अशी की पहिल्या विक्रीनंतरच्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली असावीत आणि चासी, अंग, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. प्रतिकृती इथेही बसत नाही. ती जुनी दिसते, जुनी नसते.

उरतो तिसरा रस्ता: स्वतः उत्पादक व्हायचं. नमुना तयार करायचा आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे तपासून घ्यायचा. ही तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी तीन आपल्या महाराष्ट्रात आहेत: पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी, आणि नगरला व्हीआरडीई. शिरगावातून निघून दुपारच्या जेवणाआधी एआरएआयच्या दारात पोचता येतं. आत जाणं मात्र महाग आणि वेळखाऊ. एका गाडीसाठी ते परवडत नाही.

तरी हा रस्ता धरणारे महाराष्ट्रात निघाले. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने २००० नंतरच्या दशकात 'रोडस्टर' बनवली. तिचा आदर्श लोटस सेव्हन, कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची गाडी. रविवारी शर्यतीत पळवावी आणि सोमवारी कामावर न्यावी, अशी. इंग्लंडमध्ये ती सुट्या भागांतही मिळे, कारण तशी घेतली की खरेदीकर वाचे. अलिबागकरांनी तिचं रूप घेतलं, फायबरचं अंग केलं आणि त्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं, जे आपल्याकडे काँटेसात येत होतं. आम्हाला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नाव. गाडीवर 'लोटस' लिहिलं नाही, 'चिंकारा' लिहिलं. रूप कुणाचं हे जाणकाराला एका नजरेत कळतं, आणि बनवली कुणी हे पाटीवर आहे. शिरगावच्या 'प्रति'सारखंच.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर टाटा मोटर्सने घेतली. २०११ मध्ये पुण्यात त्यांच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली. आणि २०१६ मध्ये जॅग्वारने जाहीर केलं की आगीत गेलेल्या नऊ एक्सकेएसएस आम्ही पुन्हा बनवणार, जुन्या नोंदवहीतले चासी नंबर देऊन. किंमत दहा लाख पौंडांहून अधिक. पुढे २०१८ मध्ये डी-टाईपही पुन्हा सुरू केली: मूळ बेत शंभरचा होता, झाल्या होत्या पंचाहत्तर, म्हणून उरलेल्या पंचवीस.

मग या अस्सल की प्रतिकृती? बनवणारी कंपनी तीच, नंबर जुन्या वहीतला, बांधणी हातची. पण त्या १९५७ च्या नव्हेत. आणि आजच्या सुरक्षेच्या व धुराच्या नियमांत त्या बसत नाहीत, म्हणून सरळ रस्त्यावर नेता येत नाहीत. बघा कशी तऱ्हा! रस्त्यासाठी जन्मलेली गाडी, आणि रस्ताच तिला बंद.

म्हणून आम्ही परत ल मांकडे येतो. शर्यतीच्या गाडीत आणि रस्त्याच्या गाडीत फरक वेगाचा नाही. एक्सकेएसएसचं इंजिन तर तेच होतं. फरक माणसांचा आहे. शर्यतीत चालक एकटा, बाकीचे बांधापलीकडे. १९५५ मध्ये तो बांध पुरला नाही. रस्त्यावर तर बांधच नसतो. शाळेतून येणारं पोर, दुधाची मोटरसायकल, वारीची दिंडी, सगळे त्याच डांबरावर. एक्सकेएसएसला काय काय लावलं ते आता पुन्हा आठवा. दार शेजारी बसणाऱ्यासाठी. वायपर समोरून येणाऱ्यासाठी. आपल्याकडे त्यात इंडिकेटर धरा, मागच्यासाठी. सायलेन्सर धरा, गावासाठी. आणि नंबरप्लेट धरा, म्हणजे काही घडलं तर जबाबदार कोण हे कळावं. रस्त्यावर आणणं म्हणजे त्या गाडीत इतरांसाठी जागा करणं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या गॅरेजमध्ये अशी गाडी असेल, तर आमचं सांगणं एवढंच. कापायच्या आधी भार कोण उचलतंय ते पाहा. त्याहीआधी आरटीओत जाऊन कागद काय म्हणतात ते विचारा. पासिंग होत नसेल तर खटारा करून चोरून फिरवू नका; ट्रेलरवर घालून प्रदर्शनात न्या, बंद ट्रॅकवर चालवा, त्यातही मजा आहे. आणि कधी विकायची वेळ आली, तर 'प्रति' हा शब्द पाटीवरून खोडू नका. आज ज्याला तुम्ही सांगितलं नाही, त्याच्याकडून तिसऱ्याकडे जाताना ती 'मूळ' होऊन जाते. मग सोळांच्या सतरा होतात, आणि इतिहास खोटा पडतो.

इथेच थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.