संगणकाच्या वेळेची वाटणी
प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, हे १९५०च्या दशकात कागदावर ठरत असे. पंच कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा, कामाला किती मिनिटे लागतील ते आधी लिहायचे; मुदत उलटली की काम बंद.

१९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. आता अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकच यंत्र वापरू लागले. त्यासाठी आयबीएमच्या या यंत्राला ठरावीक अंतराने प्रोग्राम थांबवणारे घड्याळ हवे होते. ते नसते तर सगळी योजना कागदावरच राहिली असती. वाटणीची रीत मात्र खरी हुशारीची. छोटा प्रोग्राम वरच्या रांगेत लागे, मोठा थोडा खाली. मिळालेल्या वेळात काम उरकले नाही, तर प्रोग्राम आणखी खालच्या रांगेत जाई. तिथे पाळी उशिरा येई, पण आली की दुप्पट वेळाची. त्यामुळे एखादी ओळ दुरुस्त करणाऱ्याला लगेच उत्तर मिळे. लांबलचक आकडेमोड रेंगाळे, पण तिला स्मृतीत सारखे आत-बाहेर करण्याचा खर्च वाचे.

माणसांनाही वेळेचा कोटा होता. ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याला चार तास मिळत आणि ते पुरत नसत. १९६२ मध्ये त्यांनी पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांतून काम चालू ठेवले. पुढे हे त्यांनी स्वतःच सांगितले. वेळेवरच्या निर्बंधातून पासवर्डचोरी जन्माला आली, ती अशी.

पुढे आलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीने आधी सौजन्यावर भिस्त ठेवली. ‘नाइस’ कमांडने आपल्या प्रोग्रामचा अग्रक्रम कोणीही कमी करू शके. वाढवण्याचा अधिकार फक्त सुपरयूझरला, म्हणजे यंत्रणेच्या प्रशासकाला होता. आपणहून मागे सरणारे अर्थातच थोडे. युनिक्सच्या १९८३च्या ४.२बीएसडी आवृत्तीत सेकंदांची सक्त मर्यादा होती, पण ती प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, वेगळी. दहा प्रोसेस चालवणाऱ्याला एकच चालवणाऱ्याच्या जवळपास दसपट वाटा मिळतच राहिला. या पळवाटेवर सिडनी विद्यापीठातील ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये मांडलेला ‘शेअर’ हा उपाय नेमका होता. हिशेब माणसाच्या नावावर ठेवायचा, आणि जुना वापर दिवसागणिक कमी धरायचा, म्हणजे एकदा उधळपट्टी केलेला कायमचा मागे पडत नाही.

लिनक्समध्ये गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले ‘सीग्रुप्स’ जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ आवृत्तीत आले. आता मोजणी प्रोसेसच्या गटाची होऊ लागली. २०१२ च्या आरंभी आलेल्या ३.२ आवृत्तीत वरची मर्यादाही बसली. दर १०० मिलिसेकंदांत २० वापरण्याची मुभा असेल, तर ती संपताच गट थांबतो, मग प्रोसेसर रिकामा का असेना. डॉकर आणि कुबरनेटीस ही साधने लिनक्सवर प्रोसेसरच्या वेळेची मर्यादा घालतात ती याच यंत्रणेच्या आधारे.