समवायाची कुळकथा आणि नगरचा किल्ला

चौथीच्या मुलांना युद्ध पहिल्यांदा भेटते ते शिवचरित्रात. वेढा, छापा, तह. मुलांना ते मनापासून आवडते, आणि आवडावेच. पण त्याच काळातले एक पत्र प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या टेबलावर असायला हवे, असे मला फार वाटते. मे 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला ते लिहिले. पावसाळा तोंडावर आलेला, वैरण मोजकी. महाराज बजावतात की दाणावैरण आत्ताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तुमची माणसे कुणब्यांच्या घरात शिरतील. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, हेही ते सांगतात.

या एका पत्रात भाषा आहे, वैरण पुरवण्याचे गणित आहे, आगीचे विज्ञान आहे आणि रयतेशी कसे वागावे याचे नागरिकशास्त्र आहे. तासिकांच्या भिंती घालून ते शिकवताच येणार नाही. एका जिवंत गोष्टीभोवती सगळे विषय गुंफून शिकवण्याच्या या रीतीला आपल्याकडचे जुने शिक्षक समवाय पद्धती म्हणतात.

तिचे एक मूळ एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत आहे. तत्त्वज्ञ हर्बार्टच्या विचाराने चालणाऱ्या झिलरसारख्या शिक्षकांनी गोष्टी आणि इतिहास मध्यभागी ठेवून बाकीचे विषय त्याला जोडले. 1896 मध्ये शिकागोत जॉन ड्यूई यांनी काढलेल्या शाळेत गोष्टींपेक्षा कामाला महत्त्व आले. तिथली मुले रांधत, विणत, सुतारकाम करत आणि त्यातून शिकत. आपल्याकडे ही रीत आली ती टकळीच्या सुतावरून. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीकडे आराखडा सोपवला गेला. विनोबा आणि काकासाहेब कालेलकर त्या समितीत होते. डिसेंबरमध्ये आलेल्या अहवालात शिक्षणाची तीन केंद्रे होती: उद्योग, निसर्ग आणि समाज. पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली. गावोगावच्या शाळांवर दिसणारे ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव त्याच विचाराची खूण आहे.

युद्धाने या रोपट्याला लगेच गाठले. सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध पेटले. ऑक्टोबरात पुण्याला या योजनेची, म्हणजे मूलोद्योग शिक्षणाची, पहिली परिषद भरली, आणि त्याच सुमारास प्रांतोप्रांतीची काँग्रेस मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली. योजनेच्या पाठीशी उभे असलेले सरकारच उरले नाही. पुढे ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली, आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले: आझाद, नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि आणखी सात.

समाज हे केंद्र धरून युद्धकाळ शिकवायचा, तर नगरसारखी जागा शोधून सापडणार नाही. नगरच्या शाळांनी रणगाडा संग्रहालय जरूर दाखवावे, तिथे मुलांचे डोळे विस्फारतात. पण रणगाडा पाहून मुलाला यंत्र कळते, युद्धात घरादाराचे काय होते ते कळत नाही. किल्ल्यात ते कळते. नेहरूंनी तिथल्या दगडगोट्यांनी भरलेल्या जमिनीत बाग करायला घेतली, तेव्हा खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले. मातीचा पाठ इथूनच सुरू करावा, इतिहास आपोआप वर येतो. नेहरू 28 मार्च 1945 पर्यंत तिथे होते. महिने मुलांनीच मोजावेत आणि त्या काळात आपण कोणत्या इयत्तेतून कोणत्या इयत्तेत गेलो असतो हे सांगावे. आझादांनी मित्राला पत्रे लिहिली, पण ती टपालात पडू शकत नव्हती. पुढे त्या पत्रांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झाले. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या आणि ते किल्ल्यातच होते. पोचणार नाही असे पत्र लिहा, एवढे सांगितले तरी नऊ वर्षांचे मूल भाषेचा केवढा तरी पल्ला गाठते.

भूगोलही इथेच आहे. 1901 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी नगरला होते. पहिल्या महायुद्धात जर्मन आले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला गिर्यारोहक हाइनरिख हॅरर आणि बौद्ध अभ्यासक लामा गोविंद यांनाही काही काळ नगरला ठेवले होते. जगाच्या नकाशावर या सगळ्यांच्या गावांपासून नगरपर्यंत दोरे ताणले, की महायुद्ध हा शब्द मुलांच्या हाताला लागतो.

या रीतीतला धोका मात्र ओळखायला हवा. मूलोद्योग शाळांत पुढे ओढूनताणून जोडणी सुरू झाली. कविता असो की त्रैराशिक, सगळे सुतालाच बांधायचे. त्याने सूतही रुसले आणि कविताही. युद्धाच्या बाबतीत हा आटापिटा अधिक वाईट, कारण मेलेल्या सैनिकांची बेरीज-वजाबाकी करायला लावणारा पाठ मुलाला निबर करतो. जे सहज जुळत नाही ते सोडून द्यावे, त्याची वेगळी तासिका घ्यावी.

किल्ला पाहून झाला, की वर्ग घरी न्यावा. 1965 च्या युद्धाच्या वेळी पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारचे एक जेवण सोडायला सांगितले होते, 1971 च्या युद्धात खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले जात होते. हे पाहिलेले आजीआजोबा अजून आहेत. त्या दिवशी काय रांधले, रेशनला किती वेळ उभे राहिलात, दिवे बंद केल्यावर काय करत होतात, असे प्रश्न मुलांनीच तयार करावेत. आणि नगर जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत एखाद्याचे वडील आत्ता सीमेवर असतात. हा पाठ फळ्यावर लिहिण्याआधी शिक्षकाने त्या मुलाला आणि त्याच्या आईला भेटावे. वर्गात काय बोललेले चालेल, हे त्या दोघांनी ठरवावे.