मुंबानगरीचे उत्सववर्ष

मुंबई नगरीस स्वतःचे असे पंचांग आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चैत्रातील गुढीपाडव्यापासून फाल्गुनातील शिमग्यापर्यंत येथे उत्सवाविना गेलेला महिना सापडणे कठीण. परंतु हे पंचांग कोणा एका जोश्याने मांडलेले नाही. या बेटांवर जे जे लोक पोटासाठी आले, त्यांनी आपले देव, आपली गाणी व आपल्या तिथी बरोबर आणल्या, आणि त्यांतून नगरीचे वर्ष सिद्ध झाले. त्याचा थोडासा इतिहास ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या वर्षाचे सर्वांत जुने मानकरी म्हणजे कोळी बांधव. श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करावा व मग होड्या पाण्यात लोटाव्या, हा त्यांचा परिपाठ या नगरीच्या व्यापारवैभवाहूनही प्राचीन आहे. हेच कोळी 8 सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या टेकडीवर भरणाऱ्या मेरीमातेच्या जत्रेस ‘मोतमाउली’च्या दर्शनाला जातात आणि नवस फेडतात. डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमी या सत्पुरुषाचा उरूस भरतो, आणि तेथे पहिली चादर चढविण्याचा मान मुंबईच्या पोलीस दलाकडे आहे. आषाढी एकादशीस ज्यांना पंढरी गाठता येत नाही, ते वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरापुढे रांगेत उभे राहतात. एकाचा उत्सव दुसऱ्याने आपला मानावा, ही रीत येथे कोणी शिकविली नाही. शेजारामुळे ती आपोआप अंगवळणी पडली.

सार्वजनिक गणेशोत्सवाची कथा मात्र निराळी आहे. 1893 साली गिरगावातील केशवजी नाईक चाळीत या उत्सवास प्रारंभ झाला. ज्या गणपतीचे पूजन घरोघरी होत असे, तो चाळीच्या सामाईक जागेत आला आणि बिऱ्हाडकरू त्याचे यजमान झाले. लोकमान्य टिळकांनी या उत्सवास राष्ट्रकार्याचे अधिष्ठान दिले. व्याख्याने, मेळे, कीर्तने यांमुळे दहा दिवस चाळीचे पटांगण ही एक पाठशाळाच झाली. तथापि ‘सार्वजनिक’ या शब्दात कोण कोण येतो, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नव्हता.

तो प्रश्न 1926 साली दादरला विचारला गेला. वर्गणी सर्वांची, तर पूजेचा अधिकारही सर्वांना का नसावा, अस्पृश्य मानलेल्या बांधवास मूर्तीची पूजा का करू देऊ नये, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे यांनी धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर सी. के. बोले हे या प्रसंगी त्यांच्या बाजूने उभे होते. हे बोले म्हणजे सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडणारे तेच गृहस्थ. वाद पराकोटीस गेला. त्याच वर्षी प्रबोधनकारांच्या पुढाकाराने दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला आणि त्यात सर्व जातींना स्थान मिळाले. आज नवरात्रीचे मंडप गल्लोगल्ली दिसतात. त्यांतील एका आरंभामागे समतेचा एवढा मोठा तंटा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

गिरणगावाने या वर्षास आणखी एक रंग दिला. कोकणातून व घाटावरून आलेले कामगार भजनी मंडळे, दशावतार, तमाशा आणि शाहिरी घेऊन आले. लालबागला 1932 साली बाजार बंद पडल्यावर कोळी व किरकोळ विक्रेत्यांनी जागेसाठी नवस केला, आणि तो पुरा झाल्यावर 1934 साली तेथे गणपती बसविला, अशी तेथील परंपरा सांगते. जो गणपती पुढे जगप्रसिद्ध झाला, त्याचे मूळ हातावर पोट असलेल्या माणसांच्या चिंतेत आहे. इकडे गिरगावात डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने 1935 साली मुंबई मराठी साहित्य संघ उभा राहिला आणि मराठी नाटकास नवे बळ मिळाले. 1956 नंतर या पंचांगात 6 डिसेंबर ही तिथी आली. दादरच्या चैत्यभूमीवर लाखो अनुयायी त्या दिवशी येतात आणि परत जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. ग्रंथखरेदीने पाळला जाणारा असा स्मृतिदिन विरळाच!

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. प्रस्तुत लेखक त्या काळी गिरणगावातील एका शाळेत नुकताच शिक्षक झाला होता. वर्गातील कित्येक मुले वडिलांबरोबर गावी गेली ती परतली नाहीत. त्यांच्यासवे ढोलकी गेली, भजनातला टाळ गेला, आणि दारोदार फिरून वर्गणी गोळा करणारे हातही गेले. पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे उठले, चाळी पडू लागल्या. उत्सव थांबले नाहीत, उलट वाढले. पण वर्गणीच्या पावतीपुस्तकाची जागा मोठ्या जाहिरातींच्या कमानींनी घेतली. जो कालपर्यंत यजमान होता, तो रांगेतला प्रेक्षक झाला. केशवजी नाईक चाळीत आजही लहानशीच मूर्ती बसते, हे या पार्श्वभूमीवर विशेष वाटते. 2020 साली महामारीत लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसविता रक्तदानादी आरोग्यकार्य हाती घेतले, त्यावरून उत्सवाचा मूळ धर्म अद्याप विसरला गेलेला नाही, असा दिलासा मिळतो.

या इतिहासापासून आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने काय घ्यावे? आपली संमेलने, हळदीकुंकू, विद्यार्थी-गुणगौरव हेही याच नगरीच्या वर्षातील दिवस आहेत. परक्या शहरात एकमेकांस आधार मिळावा म्हणून आपल्या वाडवडिलांनी ते सुरू केले आणि तो हेतू उत्तमच होता. मात्र ज्या शहराने आपल्यास ठाव दिला, त्याच्या शेजाऱ्यांसाठी आपल्या मंडपात एखादी बैठक राखून ठेवणे हेही आपले कर्तव्य होय. 1926 साली विचारलेला प्रश्न आपल्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेस लावून पाहावा.

एक सूचना करून लेखणी थांबवितो. चाळी नाहीशा होत आहेत. जुन्या मंडळांची वर्गणीची पुस्तके, हिशेबाच्या वह्या, मेळ्यांच्या पदांची हस्तलिखिते माळ्यांवर धूळ खात आहेत किंवा रद्दीत जात आहेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते जपावेत, आणि संस्थेने पुढील वर्षी त्यांची नोंद करण्याचे काम तरुणांवर सोपवावे. मोठमोठ्या नेत्यांची चरित्रे लिहिली गेली आहेत. चार आण्यांची वर्गणी देऊन उत्सव उभा करणाऱ्यांची नावे फक्त या वह्यांतच आहेत.