खारबंदिस्ती, रायगडची
भरतीचे पाणी अडवून भातशेती राखण्याची खाडीकाठची सामुदायिक व्यवस्था. रायगडचे कर्जत, खालापूर हे तालुके समुद्रापासून दूर, पण नद्यांनी खाड्यांशी जोडलेले. खोपोली वीजगृहातून सुटलेले पाणी घेऊन पाताळगंगा खालापुरातून धरमतर खाडीला मिळते, तर कर्जतची उल्हास वसईच्या खाडीला. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात, बांधाला खांड पडली की गावकरी मिळून चिखलमातीने बुजवीत. या सामाईक देखभालीला जोळ म्हणत. बांधातील उघाडीची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, झडप ओहोटीला उघडून पावसाचे पाणी सोडते, भरतीच्या दाबाने मिटते. 1979च्या खारजमीन विकास कायद्यानंतर बांधांची जबाबदारी शासनाकडे गेली, गावाची रोजची नजर सुटली. हे मोठेच नुकसान. कारण बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या शेतात पुढे अनेक हंगाम भात नीट येत नाही. वरच्या तालुक्यांतील कारखान्यांचे सांडपाणीही याच खाड्यांत उतरते, म्हणून किनाऱ्याच्या कारभारात कर्जत-खालापूरच्या ग्रामसभांनाही जागा हवी.