शिलावर्तुळांतील घोडे

जुन्नर-आंबेगांवच्या डोंगराळ मुलुखांत प्राचीन इतिहासाचा विषय निघाला, म्हणजे बोट प्रथम नाणेघाटाकडे वळतें. तेथील गुहेंतील ब्राह्मी लेखांत सातवाहन राजघराण्यानें केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दक्षिणेची यादीच कोरलेली आहे. तींत अश्वमेध आहेत, गाई, हत्ती, घोडे व कार्षापणही आहेत. पण त्याच्या कित्येक शतकें आधीं विदर्भांत घोडे बाळगणारा एक समाज नांदत होता, आणि त्यानें एक अक्षरही मागें ठेविलें नाहीं. त्यानें ठेविलीं तीं दगडांचीं वर्तुळें.

नागपूरजवळ जुनापाणी येथें अशीं सुमारें 300 वर्तुळें आहेत. ओबडधोबड धोंड्यांचें कडें व आंत दगडगोट्यांची भर, इतकीच रचना. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानें 1879 सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीनें कोरलेले आहेत. तशा खुणा युरोपांतील शिलांवरही आढळतात. एवढ्या साम्यावरून एकच वंश मानण्याचा मोह होतो, परंतु काळ आड येतो. डेन्मार्कमधील लिंडहोल्म होये येथें सुमारें 700 कबरी आहेत. त्यांपैकीं कित्येकींभोंवतीं दगडांचीं वर्तुळें, तर कांहींभोंवतीं नौकेच्या आकृती मांडल्या आहेत. व्हायकिंगांच्या व त्यांच्या लगतच्या पूर्वजांच्या त्या कबरी होत. विदर्भांतील वर्तुळें ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील, म्हणजे हजारांवर वर्षें जुनीं. दर्यावर्दी माणसाला मरणानंतर नौका हवी, माळरानावरच्या माणसाला घोडा. नातें जोडावयाचें तर एवढेंच.

1968-69 मध्यें टाकळघाट-खापा येथें व 1970 ते 72 या काळांत माहूरझरी येथें शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें. काळीं-तांबडीं मडकीं, लोखंडी कट्यारी, कुऱ्हाडी, लगामाच्या कड्या अशा वस्तु मिळाल्या. माहूरझरीस तर घोड्याचा सांगाडा व त्याच्या मुखावरील तांब्याचे अलंकारही सांपडले. नाणेघाटांत घोडा शब्दांत आहे, येथें तो प्रत्यक्ष मातींत आहे. पुढें नायकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टीच उघडकीस आली; हीं हत्यारें परमुलुखांतून आणलेलीं असावींत, ही शंका त्यामुळें बरीचशी फिटली.

घोडा प्रत्येकाच्या वाट्यास आलेला नाहीं. कोणाच्या कबरींत काय व कोठें ठेविलें होतें, यावरूनच त्या समाजांतील मानमरातब ओळखावयाचा. म्हणून शेतें, रस्ते व वस्ती वाढतांना या वर्तुळांचे धोंडे हलविले गेले, तेथें केवळ दगड गेले असें म्हणतां येत नाहीं. कडें मोडून आंतील भर उकरली गेली, कीं सांपडलेली कट्यार कोणाच्या उशाशीं होती, हें सांगणारें कांहींच उरत नाहीं.