वऱ्हाडातील धूळपाटी आणि घरचे वाचन

वऱ्हाडात मुलांची अक्षरओळख सरकारी शाळांच्या कितीतरी आधी घरात आणि पंतोजींच्या ओसरीवर होत असे. मराठी लेखनाची परंपरा तर येथे फारच जुनी. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केशोबासांनी संस्कृतात रचना करू नये, असे नागदेवाचार्यांनी बजावले. कारण पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती कळली नसती. पुढे याच पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले, हे मात्र नवलच.

धूळपाटी म्हणजे बारीक धूळ पसरलेली लाकडी फळी. मूल तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर काढी. चुकले की हात फिरवून धूळ सारखी करायची आणि पुन्हा गिरवायचे. हात बसला की बोरू, दौत आणि मोडीचा कित्ता येई. पोथीसाठी बाळबोध आणि हिशेबासाठी मोडी, अशी सरळ वाटणी होती. दिवेलागणीला घरात परवचा चाले. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीही म्हणून घेतली जाई. बाजारात तीच उपयोगी पडे. हे सारे प्रामुख्याने ब्राह्मण, व्यापारी आणि वतनदार घरांतले. मुलींच्या वाट्याला बहुतेक ऐकणेच येई.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि हळूहळू सरकारी शाळा निघाल्या. गोपाळ गणेश आगरकर गरिबीशी झगडत १८७५ मध्ये अकोल्याहूनच मॅट्रिक झाले. १९१२ मध्ये हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनही अकोल्यात भरले.

घरात मात्र वाचनाचे मुख्य निमित्त पोथीच राहिले. चातुर्मासात श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लावला जाई. दासगणूंचा एकवीस अध्यायांचा ‘श्रीगजानन विजय’ १९३९ चा. दशमी, एकादशी, द्वादशी अशा तीन दिवसांच्या पारायणाने तो घरोघर पोचला. वाचता येणारे पोर पोथीपुढे बसे. ज्यांना ओव्या पाठ होत्या, ती निरक्षर माणसेही त्याची चूक धरत. मोठ्याने वाचण्याचा इतका कसून सराव शाळेत क्वचितच होई.

शेतकरी-मजुरांच्या घरी शिक्षणाचा आग्रह खऱ्या अर्थाने नेला तो गाडगेबाबांनी. १८७६ मध्ये शेंडगावला जन्मलेल्या बाबांचे बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाची गुरे राखण्यात गेले. शाळा त्यांना मिळाली नाही. जेवणाची भांडी मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा, असे ते कीर्तनात सांगत. समोरच्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे हा उपदेश कोरडा राहिला नाही. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. अमरावती विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.